त्यांच्यात ळ नाही

(अमेरिकेतल्या बॉथेल गावातलं सहा टेबलांचं जपानी रेस्टॉरंट. दुपारचा एक वाजलाय. पद्मिनी, तिची तेरा वर्षांची मुलगी रुही, आणि साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेले पद्मिनीचे वडील पुरुषोत्तम.)

पद्मिनी : बाबा, ती शेंग सालीसकट नाही खायची. आतले दाणे काढून घ्यायचे.

पुरुषोत्तम : मग आधी सांगायचं की. मी म्हटलं, एवढे चिवट वाल ही माणसं पचवतात कशी!

रुही : इट्स ओके, आजोबा. मी पण फर्स्ट टाइम तसंच खाल्लं होतं.

पद्मिनी : रुही, विषय बदलू नकोस. शाळेचा पुढच्या वर्षीच्या भाषेचा फॉर्म आज पाचच्या आत सबमिट करायचाय. मराठी की जपानी?

रुही : आई, सांगितलं ना. जॅपनीज.

पद्मिनी : ऐकलंत, बाबा? जेवायची जागा तू निवड म्हटलं, तर मुद्दाम इथेच आणलं. सात वर्षं दर रविवारी हिला मराठी शाळेत नेतेय. बाहेर गाडीत बसून राहतेय. आता एक परीक्षा दिली की हायस्कूलमध्ये भाषेचे क्रेडिट्स मिळतील, आणि ही म्हणते सोडते! तुम्ही चाळीस वर्षं मास्तर होतात. सांगा काहीतरी.

पुरुषोत्तम : सांगतो. आधी हा चहा संपवू दे. काढ्यासारखा लागतोय, पण तिसरा कप आहे.

पद्मिनी : पिऊ नका मग!

पुरुषोत्तम : भरलेला टाकायचा कसा? मी संपवतो, की ती बाई परत भरून जाते.

रुही : आजोबा, थोडा ठेवायचा कपात. मग नाही भरत.

पुरुषोत्तम : असं आहे होय! बरं, मला एक सांग रुही. 'मी पाणी पिते', हे जपानीत कसं म्हणायचं?

पद्मिनी : बाबा...

रुही : वाताशी वा मिझु ओ नोमिमास. वाताशी म्हणजे मी. मिझु म्हणजे पाणी. नोमिमास, पिते.

पुरुषोत्तम : म्हणजे क्रियापद शेवटी! आपल्यासारखंच की!

रुही : आय नो! स्कूलच्या जॅपनीज क्लासमध्ये बाकीचे सगळे कन्फ्यूज होतात. मी आधी मराठीत विचार करते, मग सोपं जातं.

पुरुषोत्तम : पमे, ऐकलंस का? पोरगी मराठीत विचार करते.

पद्मिनी : तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

पुरुषोत्तम : मी वाक्यरचनेच्या बाजूने आहे.

पद्मिनी : इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीये आणि तुम्हाला वाक्यरचना सुचतेय. अहो, उद्या ही तुमच्याशी फोनवर बोलणार कशात? जपानीत?

पुरुषोत्तम : थांब जरा. रुही, जपानीत आणखी काय सोपं आहे?

रुही : त्यांच्यात र आणि ल सेम आहे. एकच साउंड. आणि ळ नाहीच.

पुरुषोत्तम : ळ नाही, हे चांगलं का?

रुही : काही नाही. असंच.

पुरुषोत्तम : असंच नाही. सोपं काय विचारलं, तर तू ळ सांगितलास. का?

रुही : फर्गेट इट, आजोबा.

पद्मिनी : रुही, आजोबांनी काहीतरी विचारलंय.

रुही : का ते तुला माहितीये! तूच सांगतेस सगळ्यांना!

पद्मिनी : काय सांगते मी?

रुही : आजी गेली तेव्हा. साताऱ्याला. दारात ते काका आले, त्यांनी विचारलं रत्नाताई कुठे आहेत. मी म्हटलं, आजी... तो वर्ड. मला नाही येत म्हणायला.

पद्मिनी : वाळली. अगं, तू 'वारली' म्हणायला गेलीस आणि...

रुही : सी? परत!

पद्मिनी : रुही, कुणी वाईट अर्थाने नव्हतं गं हसलं.

रुही : सगळे हसले. मामाचा यश अजून माझा व्हॉइस मेसेज आला की फॅमिली ग्रुपवर 'वाळली' लिहितो. आणि तू दर दिवाळी पार्टीत ती स्टोरी सांगतेस. मागच्या वर्षी माझ्या मराठीच्या टीचरला सांगितलीस. आता वाचताना ळ आला की त्या माझ्याकडे बघून स्माइल करतात.

पद्मिनी : तेरा दिवसांत पहिल्यांदा हसले होते मी. तुला काय सांगू, त्या दिवशी ते हसू आलं नसतं ना, तर माझं काही खरं नव्हतं.

रुही : ओके. पण मी रडत होते, आई. मला आजीचं सांगायचं होतं त्यांना.

पुरुषोत्तम : मीही हसलो होतो.

रुही : हो. तुम्ही सगळ्यात मोठ्याने.

पुरुषोत्तम : माझ्या वर्गात एखाद्याचा उच्चार चुकला आणि बाकीचे हसले, तर मी हसणाऱ्यांना उभं करायचो. चाळीस वर्षं केलं हे. आणि आपल्याच घरात विसरलो. चुकलं माझं, बाळा.

पद्मिनी : तू कधी बोलली का नाहीस मला?

रुही : कशात बोलू? इंग्लिशमध्ये बोलले की तू म्हणतेस मराठीत बोल. मराठीत बोलले की ती स्टोरी होते.

पद्मिनी : आणि जपानीत?

रुही : जॅपनीजमध्ये सगळेच चुकतात. सेन्सेई, म्हणजे टीचर, म्हणतात, अगेन. बस्स.

पुरुषोत्तम : पमे, तो फोन काढ आणि फॉर्म भर. जपानी.

पद्मिनी : बाबा!

पुरुषोत्तम : भर. आणि रुही, मी साताऱ्याला परत गेलो की दर रविवारी मला फोन करायचा. वर्गात जे शिकशील ते मला शिकवायचं. मला इंग्रजी फारसं येत नाही, तेव्हा समजावून सांगशील ते मराठीतून.

रुही : ही ट्रिक आहे ना?

पुरुषोत्तम : आहे. चालेल?

रुही : यशला ग्रुपवर सांगाल?

पुरुषोत्तम : ग्रुपवर नाही. गेल्यावर घरी बोलावून समोर बसवतो त्याला.

रुही : मग चालेल.

पद्मिनी : केलं सबमिट. जपानी. झालं समाधान दोघांचं? आणि ती गोष्ट... नाही सांगणार मी परत. कुणालाच.

रुही : थँक्स, आई. जेवण आलं. थांबा, आजोबा, लगेच नाही खायचं. आधी म्हणायचं, इतादाकिमास.

पुरुषोत्तम : मास? माझ्या ताटात तर काकडी दिसतेय!

रुही : मांस नाही, आजोबा! वदनी कवळ म्हणता ना तुम्ही, तसं आहे. आई, तू पण म्हण.

पद्मिनी : मला नको. माझी जीभ नाही वळत.

रुही : म्हण ना.

पद्मिनी : इता... इथं-टाकी-मास.

रुही : परत म्हण, आई. कुणी हसत नाहीये.