सातवा कागद

(साल १९०८. जुन्नरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या चिमाजीची सतरंजी. समोर हातानं कागद बनवणारा पीरमहंमद कागदी.)

चिमाजी : थांबा, पीरभाई. लेखणी बुडवायच्या आधी मला एवढं कळू द्या. तुमच्या हनीफला ते जुने कागद देऊन मिळणार काय होतं?

पीरमहंमद : काय मिळणार? प्रोफेसरसाहेब खूश झाले असते.

चिमाजी : हे अर्जात चालतं, माझ्यापुढं नाही. मुंबईत कायदा शिकणारा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत घरी येतो आणि आईशी धड चार शब्द बोलायच्या आत पेटीतले जुने कागद उपसायला बसतो. फुकट कोण उपसतं?

पीरमहंमद : तुमी तर उलटतपासणीच चालवली, राव. आता ऐका. तिथं त्याला मागच्या बाकावर बसवतात. पुढचे बाक बॅरिस्टरांच्या आणि शेठ लोकांच्या पोरांचे. ती पोरं साहेबांच्या बंगल्यावर चहाला जातात. दोन वर्षांत साहेबांनी हनीफला नावानं हाक मारली नव्हती. मग एक दिवस म्हणाले, जमिनीच्या जुन्या वहिवाटीवर मी ग्रंथ लिहितोय, गावाकडच्या मुलांनी जुने दस्तऐवज आणावेत. हनीफ सांगत व्हता, अब्बा, त्या दिवशी साहेब पहिल्यांदा मागच्या बाकाकडं बघून बोलले.

चिमाजी : म्हणजे जमेला एक नजर. आणि पुढचा बाक?

पीरमहंमद : आशा तर व्हती.

चिमाजी : आणि उद्या वकील झाल्यावर मोठ्या साहेबाच्या हाताखाली उमेदवारी. तीही धरा. मुलगा वाईट हिशेबी नाही. बरं, कागद किती दिले?

पीरमहंमद : सात. सहा आमच्या घरातले, पणज्याच्या वेळचे. त्यांचं काय, कोणी वाचत पण न्हाई. सातवा सोनीबाईचा.

चिमाजी : कोण सोनीबाई?

पीरमहंमद : शिनोलीच्या वर डोंगरात तिचं भाताचं खाचर हाये. दर साली अंबाडीच्या तुटक्या दोऱ्या, फाटकी गोणपाटं घेऊन येते. त्याचा आमी लगदा करतो. तिच्या सासऱ्याच्या आज्याला पेशवाईत कौल मिळाला व्हता, खाचर फोडून खा म्हणून. तो कागद. हनीफ वकील व्हणार म्हणून तिनं हौसेनं त्याच्या हातात दिला.

चिमाजी : आणि तुम्ही स्वतः मुंबईला जाऊन पोचवला.

पीरमहंमद : टांग्यानं, मग रेलनं. सोबत घोटून घोटून आरशासारखा केलेला आमचा कागद नजराणा म्हणून नेला, दोन दस्ते. साहेब बाहेर आले न्हाईत. पट्टेवाल्यानं घेतलं सगळं. जिन्यावरच उभा व्हतो.

चिमाजी : पावती?

पीरमहंमद : कसली?

चिमाजी : सात कागद दिल्याची.

पीरमहंमद : मुलाच्या उस्तादाकडं पावती मागायची? चिमाजीराव, आमच्यात ज्यानं हुन्नर शिकवला त्याच्याकडं हात पुढं करून काय मागत न्हाईत. माझ्या उस्तादानं माझी पहिली सहा वर्षांची मजुरी ठेवली, मी विचारलं न्हाई. ते बेअदबीचं असतं.

चिमाजी : पीरभाई, या तालुक्यात ज्यानं ज्यानं काही घेतलं-दिलं त्याची पावती तुमच्या कागदावर आहे. तुमच्या हौदातून निघालेल्या कागदावर मी बायका नवऱ्यांकडून भांडी परत मागताना पाहिल्यात. आणि तुम्ही स्वतः जिन्यावरून मोकळ्या हातांनी उतरलात.

पीरमहंमद : बोला. हनीफची आई बिबिजान पण रोज हेच बोलते, तुमच्यापेक्षा कमी शब्दांत.

चिमाजी : बरं, ग्रंथ आला?

पीरमहंमद : आला. हनीफनं रात्र रात्र बसून मोडीचं इंग्रजी करून दिलं व्हतं, ते तसंच्या तसं छापलंय म्हणे. खाली लिहिलंय, लेखकाच्या स्वतःच्या संग्रहातून.

चिमाजी : हनीफचं नाव?

पीरमहंमद : कुठंच न्हाई. त्याचं त्याला काय वाटलं न्हाई, खोटं न्हाई सांगत. पण मधेच सोनीबाईचा निरोप आला. जंगलखातं हद्दीचे दगड रोवतंय, तिचं खाचर दगडाच्या आत घेतलंय, घोडेगावात सुनावणी हाये, कागद पाठवा. मग हनीफ उभा राहिला आणि भर वर्गात बोलला, सर, तो सातवा कागद परत मिळावा, एका बाईची जमीन अडकलीय.

चिमाजी : भर वर्गात. अरे देवा. बंगल्यावर जाऊन मागायचा.

पीरमहंमद : बंगल्यावर त्याला फाटकातून आत सोडत न्हाईत, राव. वर्गात तरी दार उघडं असतं.

चिमाजी : मग साहेब काय म्हणाले?

पीरमहंमद : म्हणाले, कोणता कागद? पुढची पोरं हसली. मग म्हणाले, कागद्याच्या मुलानं कागद आणून द्यावा, त्यावर काय लिहिलंय ते बघायला इथं दुसरे लोक आहेत. मग जास्त हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरीत हनीफ गैरहजर. बसलाय बाकावर, नाव पुकारलं की हजर म्हणतो, आणि साहेब फुली मारतात.

चिमाजी : शेजारची पोरं साक्ष देतील की.

पीरमहंमद : त्यांच्या पण हजेरीवर त्याच साहेबांची सही लागते.

चिमाजी : हं. साहेब शिकवतात कोणता विषय?

पीरमहंमद : पुराव्याचा कायदा.

चिमाजी : उत्तम शिकवत असणार. मग वर अर्ज करू. मुख्य साहेबाला, नाहीतर थेट युनिवर्सिटीला. असा अर्ज लिहितो की वाचताना त्यांच्या चष्म्यावर वाफ येईल.

पीरमहंमद : विद्यार्थ्याचा अर्ज त्याच्या प्रोफेसराच्या मार्फतच वर जातो. नियम हाये. हनीफनं लिहिलंय, त्यांच्या टेबलावर दिला की ते टेबलच त्याचं घर.

चिमाजी : म्हणजे चोराला सांगायचं, तुझी फिर्याद तूच ठाण्यात पोचव. मग तुम्ही माझ्याकडं कशाला आलात? अर्ज तर करायचा नाही.

पीरमहंमद : अर्ज न्हाई. हे. साहेबांच्या कारकुनानं मजकूर पाठवलाय. माझ्या सहीनं, अर्जनवीसाच्या हातचा, दोन साक्षीनिशी पायजे. तो पोचला की हनीफच्या फुल्या पुसल्या जातील. टर्म भरली म्हणून सर्टिफिकीट मिळेल, परीक्षेला बसता येईल.

चिमाजी : बघू. ‘लिहून देतो ऐसा जे, माझे घरचे व माझे ताब्यातील जुने दस्तऐवज सुमार सात, मी प्रोफेसरसाहेबांस स्वखुशीनं व अक्कलहुशारीनं कायमचे नजर केले असून त्यावर माझा अगर अन्य कोणाचा हक्क राहिला नाही.’ वा. अन्य कोणाचा. कारकून नव्हे, साहेबानंच बसून लिहिलंय.

पीरमहंमद : ते ‘स्वखुशीनं’ काढता येईल का?

चिमाजी : ते काढलं तर दस्तऐवजात उरतं काय? मी एक करतो. सुमार सहा लिहितो. सातवा वापरायला दिला, तो परत करावा, असं खाली.

पीरमहंमद : हनीफनं लिहिलंय, काना-मात्रा बदलली तर परत येईल. आणि शुक्रवारच्या टपालानं पोचायला पायजे. त्यानंतर हजेरीचं बुक बंद.

चिमाजी : नाही पोचलं तर?

पीरमहंमद : तर गेलं. अंजुमनवाले त्याची फी भरतात, नापासाला एकदा परत देतील, गैरहजराला देत न्हाईत. आणि मी कुठून पाठवणार? ही कचेरी पण आता गिरणीचा कागद वापरते. तुमी तेवढे आमचा घेता, ते पण मैत्रीखातर. तो वकील न्हाई झाला तर येऊन हौदात उभा राहील. उभा राहायला हौद राहिला तर.

चिमाजी : मग लिहू?

पीरमहंमद : जरा थांबा.

चिमाजी : थांबलोय. पण टपाल थांबत नाही. ती बाई इकडं कुणाला शोधतेय? डोक्यावर गाठोडं.

पीरमहंमद : या अल्ला.

सोनीबाई : पीरभाऊ, तुमी हितं व्हय. म्या घरला जाऊन आले. भाबी म्हनल्या, कचेरीपाशी गेल्यात. तोंड चुकवून बोलल्या, म्हनलं जिवाला बरं न्हाय का काय.

पीरमहंमद : बसा, सोनीबाई. कधी निघालात?

सोनीबाई : काल कोंबड्याला. घोडेगावात भनीकडं टेकले. आवं, सुनावनी येत्या सोमवारी हाये. साहेब म्हनला, कागद दाखव, न्हायतर दगूड हाये तिथंच ऱ्हानार. म्या म्हनलं, कागद मंबईला वकिलाकडं हाये. आला का?

चिमाजी : बाई, तुझ्याजवळ त्याची नक्कल आहे का? उतारा?

सोनीबाई : ह्ये कोन?

पीरमहंमद : चिमाजीराव. अर्ज लिहितात.

सोनीबाई : मंग बरंच झालं की. मला बी येक अर्ज लिवायचाय. मंबईच्या मास्तरला, कागद धाडा म्हनून. न्हाय वो, नक्कल कुठली? आमच्यात वाचनारं कोन हाये? कागद हाये येवढंच ठावं व्हतं. त्ये बी पुरत व्हतं.

चिमाजी : पीरभाई, तुम्ही सांगता की मी सांगू?

पीरमहंमद : मी... तुमीच.

चिमाजी : बाई, तो मास्तर कागद परत देत नाही. तो आता म्हणतो, कागद माझा. आणि हे लिहून द्यायचं, की होय, तुझाच. लिहून दिलं तर हनीफ परीक्षेला बसेल. नाही दिलं तर घरी येईल.

सोनीबाई : आन कागद?

चिमाजी : कागद दोन्हीकडून नाही.

सोनीबाई : न्हाय कसा? चोरी केली तर फौजदार हाये की.

चिमाजी : फौजदार विचारील, कधी दिला, कुणापुढं दिला, पावती कुठंय.

सोनीबाई : पीरभाऊ, तुमी पावती घेतली नाय?

पीरमहंमद : न्हाई घेतली.

सोनीबाई : म्या बी तुमच्याकडनं कुठं घेतली. जाऊ द्या. हनीफ वकील कवा व्हनार?

पीरमहंमद : पास झाला तर पुढच्या साली. मग सनद.

सोनीबाई : त्यो लढंल की मंग माझं.

चिमाजी : सुनावणी सोमवारी आहे, बाई. पुढच्या साली तिथं सागाची रोपं असतील, आणि आत पाऊल टाकलं तर दंड.

सोनीबाई : म्या न्हाय म्हनले तर?

पीरमहंमद : तर मी सही करणार न्हाई. बिबिजानची शपथ.

चिमाजी : शपथ राहू द्या. तुम्ही सही केली नाहीत तर हिला काय मिळतं? कागद मिळतो का? दगड हलतो का? सही केली तर तुमचा मुलगा वाचतो, नाही केली तर कुणीच वाचत नाही. मी इथं वीस वर्षं बसलोय, असा सोपा हिशेब पाहिला नाही. आणि असा घाणेरडाही.

सोनीबाई : म्हंजी माझं व्हय आन माझं न्हाय सारखंच.

चिमाजी : सारखंच.

सोनीबाई : मंग मला इचारता कशापायी?

पीरमहंमद : मला झोप लागावी म्हणून, सोनीबाई. दुसरं काय सांगू.

सोनीबाई : झोप. सोमवारपातुर मला बी कुठं लागनार हाये. लिवा वो, लिवा. पोरगं तरी बाहेर पडू द्या त्या हौदातनं. थंडीचं त्याचं पाय कसं फुटत्यात, बघितल्यात म्या.

चिमाजी : पीरभाई?

पीरमहंमद : लिहा.

चिमाजी : ‘लिहून देतो ऐसा जे...’ कागद तुमचाच घेतलाय, यावर शाई पसरत नाही. ‘...सुमार सात...’ वडिलांचं नाव? असू दे, ठाऊक आहे. ‘...स्वखुशीनं व अक्कलहुशारीनं...’ सही करा. इथं. नावाच्या खाली नाही, पीरभाई, शेजारी.

पीरमहंमद : झाली.

चिमाजी : आता साक्षी. एक सोमाजी शिपाई करील. दुसरा?

सोनीबाई : म्या लावते की अंगठा. सातवा कागद माझाच व्हता, माझ्यावानी साक्ष दुसरी कुनाची?

चिमाजी : नको, बाई. तो अंगठा जपून ठेव. उद्या जंगलाचा साहेब हाच लेख पुढं करील आणि म्हणेल, बघा, बाई स्वतः साक्षीला होती. दुसरा कुणीतरी आणतो मी. तेवढं तरी करू दे.

सोनीबाई : बरं.

पीरमहंमद : चिमाजीराव, लिहिणावळ घरून पाठवतो. आज खिशात फक्त टपालाचं हाये.

चिमाजी : पाठवू नका. या कामाची तुमच्याकडून घेतली तर ती मला पचायची नाही.

सोनीबाई : ह्ये घ्या की. गाठोड्यात तांदूळ हायेत, माझ्या अर्जापायी आनले व्हते.

चिमाजी : तुझा अर्ज मी लिहिलाच नाही, बाई. परत ने.

सोनीबाई : येवढं वझं परत डोंगरात कोन न्हेतंय. घ्या, नवं हायेत. त्याच खाचरातलं.