सगळ्यांत लांब नाक

आता हसू येतं हो, पण त्या संकष्टीला माझा जीव अगदी टांगणीला लागला होता.

भोसले घाटामागच्या आमच्या घरी सकाळी शेजारची पाच-सहा हिंदी बोलणारी चिमुरडी येतात. मी त्यांना स्वयंपाकघरातल्या वस्तूंनीच शिकवते. "डोळे मिटा," म्हटलं, की पुढ्यातल्या वाटीचा वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. हिंग, वेलची, आंबा, सगळं ओळखतात.

त्या रात्री हीच मुलं आरतीला आली. माझा दिवसभर कडक उपास, चंद्र वर आलेला, देवापुढे एकवीस मोदकांचं ताट. मी म्हटलं, "डोळे मिटा रे, हात जोडा."

हात कोण जोडतंय! सगळी नाकं ताटावर.

"इलायची!" "नारियल!" "गुड़, गुड़!"

देवाआधी नैवेद्याचा वास घ्यायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्न झाल्यापासून शिकवलेलं. दुसरे मोदक करायला घरात नारळ नव्हता. इतक्या वर्षांचं व्रत माझ्याच शिकवणीनं मोडलं की काय? "अरे, बाप्पाच्या आधी वास घेतलात!" म्हणताना माझे डोळे भरून आले.

चार वर्षांची पिहू म्हणाली, "काकू, बाप्पा की नाक तो सबसे लंबी है. उन्होंने तो किचन से ही सूंघ लिया होगा!"

मी भीतभीत सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराआड हसत होत्या.

"बरोबर बोलतेय पोर. दाखव नैवेद्य," त्या म्हणाल्या. "आणि आता पुन्हा 'डोळे मिटा' म्हणू नकोस बाई!"