पिंटो मास्तरांची पाठ

कंपनीत लोक ओव्हरटाइमवरून भांडतात, आम्ही जॅझवरून भांडलो, राव! संत तुकाराम नगरात, कांबळेच्या घरी, रविवारच्या चहाला. विषय काय, तर ट्रम्पेटचे बादशहा पिंटो मास्तर लोकांकडे पाठ करून का वाजवायचे?

"माज! दुसरं काय?" आमचा लातूरचा देशमुख म्हणाला.

कांबळे उसळला. मास्तरांना ऐकूनच तो ट्रम्पेटच्या नादाला लागलेला, आणि वाजवतोही पाठ फिरवून. "भावा, समाधी लागायची त्यांना! पुन्हा माज म्हणालास तर माझ्या घरी पाय ठेवू नकोस."

देशमुख उठून दारात चपला घालायला लागला. तेवढ्यात वहिनी पोहे घेऊन आल्या. मी घाईघाईनं विचारलं, "वहिनी, एवढा मोठा कलावंत लोकांकडे पाठ करून वाजवतो, म्हणजे माणूस कसा असेल?"

"चांगलाच असणार की," वहिनी म्हणाल्या. "शेजाऱ्यांचा विचार करणारा. आमच्या ह्यांना तर मी गोधड्यांच्या कपाटात तोंड घालूनच वाजवायला लावते."

देशमुखनं चपला काढल्या, पोह्यांची बशी घेतली आणि म्हणाला, "कांबळे, समाधी कुठल्या कप्प्यात लागते, तेवढं दाखव की!"