पाठ केलेला तक्ता

मुलांनो, अशी कल्पना करा, की डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही नंबर लावून बसला आहात. मागच्या बाकावर एक निवृत्त मास्तर नातीशी कुजबुजताहेत, आणि समोरच्या उघड्या दारातून तपासणीचा अक्षरांचा तक्ता दिसतोय.

“शेवटची ओळ पुन्हा वाच बरं.”

“न, ग, र, म, ट.”

“न, ग, र, म, ट. झालं पाठ!”

“आजोबा, ही कॉपी आहे.”

“पाठांतर म्हण. तीस वर्षं मुलांच्या बाह्यांतून चिठ्ठ्या काढल्या, काहीतरी शिकलोच असेन ना?”

“पण डॉक्टरांना खरं कसं कळणार?”

“कळूच नये. ऑपरेशन म्हटलं की माझे पाय लटपटतात. घरच्यांना वाटतंय, ही नुसती नेहमीची तपासणी आहे; माझ्या डोळ्यांचा कुणाला पत्ता नाही.”

“मला आहे.”

“कधीपासून?”

“तुम्ही गोष्ट वाचून दाखवता ना, तेव्हापासून. परवा पुस्तक उलटं धरलं होतं. आणि त्यातला कोल्हा दर वेळी वेगळ्याच विहिरीत पडतो.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या विहिरी जास्त मजेशीर असतात.”

“घ्या! मला कुणी दिसत नव्हतं, म्हणून मीही कुणाला दिसत नाही असं धरून चाललो होतो. डोळे मिटून दूध पिणारं मांजर परवडलं. त्याला निदान दूध तरी मिळतं.”

“चला काका, तुमचा नंबर,” तपासणाऱ्या ताईंनी हाक मारली.

नातीने आजोबांना हात धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि ताईंना म्हणाली, “दुसरा तक्ता लावा. हा यांना पाठ आहे.”

मग त्यांचा लटपटणारा गुडघा दोन्ही हातांनी धरून ती शेजारी उभी राहिली.