साडूंची वायर आणि माझे कान

नाही, पण मला एक सांगा, वायर ऐकायला कोणी कोणाला घरी बोलावतं का? गाणं ऐकायला बोलावतात, समजू शकतो, मूल पेटी वाजवायला शिकलं म्हणून बोलावतात, तेही सोसतो आपण... पण वायर? आणि ती तरी गाण्याची असावी! नाही हो, नुसती विजेची! भिंतीतल्या प्लगापासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाते ना, ती! तुमच्या-माझ्या घरी कपाटामागे धूळ खात पडलेली असते बघा, तीच! आमच्या साडूंनी तसली एक परदेशातून मागवली. किंमत मी विचारली नाही, हिने विचारली, आणि नंतर आम्ही दोघांनी पाणी मागितलं.

तुम्हाला सांगतो, साडू माणूस लाखात एक. दातांचे डॉक्टर आहेत, दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकतात, त्यामुळे रविवारी जरा सुरेल ऐकावंसं वाटत असेल, माझी काही तक्रार नाही. पण ती वायर म्हणजे बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढी जाड! वर ती जमिनीला टेकू द्यायची नाही, कंप लागतो म्हणे, म्हणून तिच्याखाली लाकडाचे छोटे छोटे पाट! मेव्हणी उंबऱ्यातच म्हणाली, "जरा जपून हं, वायर अजून मुरतेय." मुरतेय? मी म्हटलं, "अहो साडू, ही वीज येते कुठून? धरणावरून निघते, रानावनातून, खांबाखांबांवरून, कावळे बसलेल्या तारांमधून येते, मग बिल्डरने भिंतीत कोंबलेल्या स्वस्तातल्या वायरीतून येते... आणि शेवटच्या दीड हातात सुधारते? जन्मभर उनाडक्या केलेला माणूस घराच्या पायरीवर येऊन साळसूद होतो, तसं?" तर साडू हसले. पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' म्हणताना हसत असतील ना, तसंच. म्हणाले, "भाऊ, बोलू नका. ऐका."

बसवलं सगळ्यांना सोफ्यावर. मी, ही, मेव्हणी आणि संगीत शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. पडदे ओढलेले, पायावर पाय टाकायचा नाही, आवाज अडतो! जुन्या वायरीवर एक गाणं लावलं. मग साडू गुडघ्यांवर कपाटामागे गेले, अर्धे साडू आत, अर्धे बाहेर, खुडबुड झाली, बाहेर आले, तेच गाणं पुन्हा लावलं, आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "आला का फरक ऐकू?"

मेव्हणी म्हणाली, "आला!" ती काय, घरचीच. पण आमची ही? जिला दारावरची बेल ऐकू येत नाही, ती म्हणते, "अगंबाई! पडदाच उघडला की हो!" बाई डोळे मिटून म्हणतात, "गायिकेचा श्वास... श्वास ऐकला मी." आणि मी? मी आपला खरं बोलून बसलो ना! "मला काही... दोन्ही वेळा सारखंच वाटलं."

संपलं! अहो, आता तुम्हाला सांगायचं राहिलंच, मी पियानो लावतो. तारा सुरात लावून देणं हा माझा धंदा, आणि बाईंच्या शाळेतले सगळे पियानो माझ्याकडे! तार केसभर उतरली तरी मला शेजारच्या खोलीत कळतं, आणि तो मी, चारचौघांत, बाईंच्या देखत सांगतोय की मला ऐकू आलं नाही! बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं उठून भेटायलाच येतायत आजारी माणसाला. घरी आल्यावर ही: "एवढं हो म्हणायला काय जात होतं तुमचं?" आणि दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन: "यंदा म्हटलं... तुम्हालाही जरा विश्रांती... एखादा तरुण माणूस बघावा." झालं! एका वायरीने गेले सगळे पियानो!

खोटं कशाला सांगू, घाबरलो! म्हटलं, खरंच गेले की काय कान? घरच्या पियानोची एकेक तार छेडून पाहिली. कान ठणठणीत! पण ठणठणीत कान घेऊन चाटायचे आहेत का? गेलो पुढच्या रविवारी, बाईही होत्या. गाणं, कपाट, खुडबुड, गाणं, "आला का फरक ऐकू?" मी डोळे मिटले, मान हलवली, आणि सुटलो: "अहाहा! खालच्या सुरांना बूड आलं, वरच्यांची बोच गेली, आणि मध्ये... मध्ये हवा खेळायला लागली!" हवा खेळते म्हणजे काय, मला विचारू नका. साडूंचे डोळे भरून आले. बाईंनी तिथल्या तिथे पियानो परत दिले.

सुटलो म्हणता? अडकलो! गावभर झालं, यांच्यासारखा कान नाही! आता दर रविवारी कोणी ना कोणी दुलईत बाळ गुंडाळावं तशी वायर घेऊन येतो, मला मधोमध बसवतात, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, "आला का फरक ऐकू?" आणि मी आहेच... बूड, बोच, हवा!

पण परवा काय झालं ऐका. गाणं झालं, साडू कपाटामागे गेले, बाहेर आले, गाणं लागलं... आणि मला ऐकू आला हो! शप्पथ! सूर नितळ, श्वास वेगळा, सगळं सगळं! मी ओरडलोच, "आला! खरंच आला!" तर साडू गोंधळून हातातली वायर दाखवतात: "पण भाऊ, ही अजून लावलीच नाही. गुडघ्यात कळ आली म्हणून तसाच परतलो."

मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. तर बाई उठून टाळ्या वाजवतात! साडू मला मिठी मारतात! "बघा! वायर लावायच्या आधीच फरक ओळखला! याला म्हणतात कान!"

तेव्हापासून चैन नाही. घरचा पियानो लावतो, बरोबर वाटतं, तासाभराने उतरलेला वाटतो, ही म्हणते "छान आहे", पण हिचं काय, हिला पडदासुद्धा ऐकू येतो! कोणाला विचारू? आणि उद्या शाळेत जायचंय, झाडून सगळे पियानो लावायचेत. लावीन बापडा, जमतील तसे. लावून झाले की बाईंना बोलावीन, दोन्ही हात पसरीन आणि विचारीन, "आला का फरक ऐकू?"

त्या हो म्हणतील. म्हणतीलच! संगीत शाळेची मुख्याध्यापिका नाही म्हणेल कशी हो?