खराटा थांबायचा तिथे

— नाही नाही, बूट राहू देत, आत कुठे जायचंय, इथेच पायरीवर टेक. सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का आणलास ना? बरं, खिशातच राहू दे, घाई नाही. चहा घे. आई गेली तेव्हा आलास तोकुजी, पण धड बोलणंसुद्धा झालं नाही – आणि आता घर विकायला काढलंस म्हणे. विक बाबा, रिकामं घर ठेवून करायचं काय. माझं काम एवढुसं आहे. तुमचं घर पुढे, आमचं मागे, मधून हा आमचा बोळ – आणि नगरपालिका म्हणते, रस्त्याला लागतो तिथे बोळ दोन मीटर हवा, तरच जुनं पाडून नवं बांधायला परवानगी. नाहीतर आहे त्यालाच ठिगळं लावत बसा. आहेत की दोन मीटर! आमच्या सासऱ्यांनी मोजून घेतलेली जागा. पण नकाशात कमी भरले. आणि नकाशा काढला कोणी? मीच काढला.

हसू नकोस. चारजण म्हणाले, काकू, जाणकार माणूस नेमा – नाही नेमला. छोटं लाकडी घर, आपलं आपण अर्ज केला तरी चालतो, असं नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईच म्हणाल्या. एकच मजला, पायरी नको, चाकांची खुर्ची सरळ आत यावी – आमच्या ह्यांच्यासाठी रे. शुश्रूषागृहातून घरी आणायचं तर ह्या पायऱ्यांवरून कसं आणणार? म्हणून बसले पट्टी घेऊन. हद्दीचा दगड गटाराच्या कामात गेलेला, मग हद्द कुठे धरायची? धरली – तुझ्या आईचा खराटा थांबायचा तिथे. रोज सकाळी बघत आले, त्याच जागी थांबायचा. डोळे मिटून दाखवीन.

आणि तिथेच माती खाल्ली. तू टोकियोत राहिलास, तुला ठाऊक नसेल – आपल्या क्योतोत स्वतःच्या दारापुरतंच झाडलं तर माणूस तुसडा, आणि शेजाऱ्याचं सगळंच झाडलं तर आगाऊ. वीतभर पुढे जायचं नि थांबायचं. तुझी आई वीतभर आमच्यात यायची, मी वीतभर तुमच्यात. जन्मभर हेच केलं, आणि कागदावर रेघ ओढताना नेमकं हेच विसरले. तिचा चांगुलपणा मोजला नि तिच्याच नावावर केला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आजी, शेजाऱ्यांनी येऊन खरी हद्द मान्य करावी, शिक्का मारावा, झालं. सोपं आहे, नाही का?

रडलेबिडले नाही हं मी. हल्ली रडू येत नाही. काहीच येत नाही – कुणी बोटाला चिमटा काढला तरी कळायचं नाही. रविवारी भेटायला जाते, हे विचारतात, घर कुठवर आलं? मी म्हणते, पाया भरला. गेल्या खेपेला मी सांगितलं, छप्पर घातलं. त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवलीय, आणि नर्सला – हे तुला कशाला सांगत बसले मी. तर ही बघ, ह्या पन्हळीच्या पायपापाशी रेघ. शिक्का इथे मार.

का? काय झालं?

अच्छा. दलाल म्हणाला. मीच स्वतः काढून दिलेला नकाशा, आता कशाला बदलायचा – बरोबर आहे त्याचं. इथे वीतभर जागेलासुद्धा भाव आहे, खरंय. शाळेत जायच्या आधी आई तुझ्या हातात खराटा द्यायची, तेव्हा कुठवर झाडायचास, आठवतं का? नाही आठवत. खाली काय बघतोस, बरं, नाही आठवत.

मग बूट घातलेलेच आहेत, बरं झालं. चहा राहू द्या, गार झाला. आई गेल्यापासून तुमचं अख्खं दार मीच झाडतेय, सवयीनं – घर बघायला माणसं येणार होती तेव्हासुद्धा झाडलं. उद्यापासून ह्या पन्हळीच्या रेघेपर्यंतच झाडणार, तोकुजीसान. गिंकोच्या झाडाची पानं गळायला लागलीत. घेणाऱ्यानं विचारलं ना हद्द कुठे, तर सांगा त्याला – पानं जिथून सुरू होतात तिथून तुमचं. या आता.