सुईचा मंगळवार

—न्हाई वं ताई, खोकला न्हवं, ती शिंक. आतनं आली ती आमच्या ह्यांची. आत्ता कंपाउंडरनं 'सोपानराव, चऱ्होली' म्हणून हाक मारली न्हवं, तेच. सुईच्या आधी शिंकत्यात, सुईच्या नंतर शिंकत्यात — मधी मात्र डोळं मिटून गप. तुमी पैल्यांदाच आलाय व्हय? भिऊ नका. डाक्टर पुण्याचा हाय, मंगळवारी चिंचवडला येतो. माझा भाऊ भैरू पिंपरीच्या नव्या पेन्सिलीनच्या कारखान्यात लागलाय, त्यानं पत्ता काढला. त्याच्या आधी आमी काय कमी केलं का? अडुळसा झाला, मिऱ्याचा काढा झाला, नाकात तूप झालं — तुपानं एवढंच झालं, शिंक घसरून लांब जाया लागली.

तर पैल्या दिवशी डाक्टरनं ह्यांना पालथं निजवलं आन पाठीवर सुईनं ओरखडं काढलं — एकेका ओरखड्यावर एकेक थेंब. ह्यो धुळीचा, ह्यो भुश्श्याचा, ह्यो म्हशीच्या केसाचा. म्हशीचा काय फुगला न्हाई, मला बरं वाटलं — म्हैस माझ्या माहेरची. आन मग एक थेंब जो फुगला, लिंबाएवढा. डाक्टर म्हणला, "कोंबडीची पिसं. घरात कोंबड्या आहेत का?" ताई, आमचं घर माळकरी. हे तसंच उघड्या अंगानं उठून बसलं, म्हणलं, "डाक्टर, दारावरनं कोंबडी गेली तर म्या पाणी शिंपडतो." डाक्टर म्हणला, "पाठ तसं सांगत नाही." मग म्हणला, उपाय हाय — त्या पिसाचंच औषध करून थोडं थोडं टोचायचं, आंगाला सवय लावायची. हे दोन दिस जेवलं न्हाईत. "अगं, माझ्यात कोंबडी घालणार हाईत," म्हणायचं. मी म्हणलं, तोंडातनं थोडीच घालत्यात, दंडातनं घालत्यात — माळ गळ्यात असती, दंडात न्हाई. ते पटलं त्यांना.

पिसं आली कुठनं? डाक्टर बी तेच इचारतो सारखं. मला काय ठावं... आता तुमी परक्या, तुमच्यापाशी बोलायला काय. ह्यांची मान धरायची, म्हणून आमच्या शेजारच्या अंबूबाईनं — तिचा नवरा दिघीच्या लष्करात सायबांचा सैपाकी — एक पोतं आणून दिलं, म्हणली, सायबाच्या उशीत हेच असतंय. म्या भरली उशी. ह्यांना सांगितलं, सावरीचा कापूस हाय. सकाळी उठून हे म्हणलं, "वैकुंठात अशीच उशी असंल." आता असं म्हणल्यावर काय सांगायचं मी?

न्हाई, बदलली की. एकदा काढून घेतली, उशाला गोधडी दिली. आठवडाभर शिंक न्हाई. मंगळवारी मी नवं लुगडं नेसून तयार, आन हे औत घेऊन निघालं — म्हणलं, "बरा झालो, आता कशाला चिंचवड." त्या दिवशी माझी एक बी भाकरी गोल झाली न्हाई. ताई, लगीन झाल्यापासनं हे माझ्या शेजारी कवा बसलं न्हवतं. घरात सासू, दीर, गडी — बसणार कुठं? ते म्होरं जेवणार, मी चुलीपाशी. आन मंगळवारी यष्टीत एका बाकावर. सुईचं भ्या वाटतंय म्हणून सारखं बोलत्यात — ल्हानपणी हिरीत पडलं व्हतं ते सांगितलं, समिंदर बगायचाय ते सांगितलं. मागनं टेसनावर भजी, आन मेल जाईस्तवर बसायचं. एकदा इंजनाची शिट्टी झाली तवा माझा हात धरला — इंजनाला भ्यालं असत्याल, पर धरला.

हे औत घेऊन गेलं त्याच सांच्याला पिसाची उशी परत ठिवली. सकाळी शिंकतच उठलं. मला इतका आनंद झाला.

हसताय काय? डाक्टरला सांगू? सांगीन की. सुया संपल्यावर सांगीन. डाक्टर म्हणतो, सवय झाली की पिसावर निजलं तरी शिंक न्हाई यायची. मग उशी ऱ्हाईल, शिंक जाईल — आन चिंचवड बी जाईल... अंबूबाई म्हणती, तिच्या नवऱ्याला बदकाची बी पिसं मिळत्यात.

दार वाजलं. आलं बगा. घाम बगा किती. या. दुखलं का वं? — आता टोचल्यावर अर्धा तास हितंच बसवत्यात, दंड सुजतोय का बगायला. उठा ताई, तुमी त्या खिडकीकडं बसा. ह्या बाकावर दोघंच मावत्यात.